काडेपेटीतलं चाक

मुंजाजी मामा गेले ते दुपारचं जेवले, ताट सारलं, भिंतीला टेकले आन टेकलेच. दवाखान्याची पाळी सुदिक कुनावर आनली न्हाई. मानूसच तसा व्हता, कुनाला तरास नको.

जलदानाचा कार्यक्रम झाला, पाव्हने आपापल्या गाडीनं गेले, मंग सुमननं, म्हंजी मामाच्या एकुलत्या एक लेकीनं, त्यांची लोखंडी पेटी उघडली. आत लोको शेडातला निळा डरेस, पेन्शनीचे कागदं, बाबासाहेबाचा जुना फोटू, आन तळाला मामीच्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं विमान. एक वीत लांब, राखेच्या रंगाचं, लढाईचं जेट. हातात घेतलं तर पाखरासारखं हलकं. पर आत पायलटाच्या खुर्चीला पट्टे, पट्ट्याला बकल, आन बकल राईच्या दान्याहून बारीक. पालथं केलं तर पोटाखाली दोनच चाकं. तिसऱ्याची जागा रिकामी.

"आई, ह्याचं एक चाक पडलं का काय?" सुमननं इचारलं.

केशरमामी कोपऱ्यात बसलेली. मामा गेल्यापासून तिच्या तोंडातून शब्द निघाला न्हवता. ती म्हनली, "पडलं न्हाई. हाय माझ्यापाशी. तू हात कामून लावायलीस त्याला? ठिव खाली. आन ही पेटी आदी कुनी उघडली व्हती? कुलूप आसं सैल कसं?"

बोलली तर पयलं हेच बोलली. मामीचा सोभावच शकी. दूधवाला आला की आदी बोट बुडवायची, मंग भांडं पुढं करायची. पाव्हना दारात आला की त्याच्या तोंडाकडं न बगता चपलाकडं बगायची, धूळ कोनत्या रस्त्याची हाय म्हून. मामा हासायचे. "हिला रेल्वे पोलिसात घ्यायला पायजेल व्हतं, इनाकारन मला दिली."

पर तिचा शक काई हवेतून आलेला न्हवता. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला त्या साली मामीच्या माहेरच्या वाडीत वस्ती पेटली. ज्यांनी आदल्या दिशी येऊन "भेव नका, आमी हावत ना" म्हनलं व्हतं, त्यातलेच दोघं पलिते घेऊन आलते. मामीनं तोंडं वळकली व्हती. तव्हापासून गोड बोलनाऱ्या मानसाचा तिला आदी शक यायचा. आन मामा तर लय गोड बोलायचे.

विमानाची गोष्ट त्याच्या पुढची, पाच-सा वरसानंतरची. नामांतराचा ठराव झालता पर नाव काई बदललं न्हवतं. मोर्चे निघायचे, मीटिंगा व्हायच्या. मामा एक डाव जेलात बी जाऊन आलते.

पूर्णेला लोको शेडात फिटर व्हते मामा. रेल्वेचं क्वाटर, एक खोली आन पडवी. लगन होऊन आठ वरसं झालती आन घर रिकामंच. पयलं लेकरू पाचव्या महिन्यात पोटातच गेलं. दुसरा मुलगा झाला, आन तिसऱ्या दिवशी गेला. त्या दुसऱ्याच्या येळी मामांना दम निघाला न्हवता. सातव्या महिन्यातच नांदेडहून लाल खुळखुळा घेऊन आलते. आमच्याकडं पोटातल्या लेकरासाठी आदी काई आनत न्हाईत. झबलं शिवत न्हाईत, पाळना टांगत न्हाईत. लेकरू गेल्यावर मामीनं तो खुळखुळा चुलीत घातला आन म्हनली, "तुमच्या ह्या खुळखुळ्यानं खाल्लं माझं लेकरू."

मामा विहारात बसनारे मानूस. देवऋषी, अंगारे-धुपारे समदं सोडलेले. दुसऱ्या कुनी आसं म्हनलं आसतं तर तासभर समजून सांगितलं आसतं त्यांनी. त्या दिवशी नुसतेच उठले आन भाईर जाऊन बसले.

मामी तिसऱ्यानं गरवार राहिली तव्हा तिनं मामांचा हात धरून आपल्या डोक्यावर ठिवला.

"शपथ घ्या. लेकराचं रडनं कानानं ऐकल्याबिगर त्याच्यासाठी घरात एक दोरा सुदिक यायचा न्हाई. आन त्याच्यासाठी आमकं, त्याच्यासाठी तमकं, आसं तोंडातून सुदिक काडायचं न्हाई."

"घेतली," मामा म्हनले.

पाचवा लागला आन मामा उशिरा यायला लागले. शेड सुटायचं पाचला, मामा यायचे सातला. इचारलं तर, "नामांतराची मीटिंग व्हती." आठवड्यातून एक मीटिंग मामीला कबूल व्हती. चार चार डाव कशाच्या मीटिंगा?

आंगाला वास यायचा. शेडातला तेला-कोळशाचा वास मामीला पाठ व्हता. ह्यो निराळाच. गोड, पिकल्या केळावानी, पर नाकाला झोंबनारा. सदरा धुवायच्या आदी मामी हुंगून बगायची. मंग एक दिवस जेवताना त्यांच्या आंगठ्याच्या नखावर लाल ठिपका दिसला.

"हे काय लागलं?"

"शेडातला रंग."

"शेडातला रंग आसा चमकतोय?"

"नवा आलाय."

जेवन झाल्यावर हातावर पानी घालताना मामीनं तो ठिपका खरडून बगितला. पापुद्र्यासारखा निघाला. बायका नखाला लावतेत ते, नेलपॉलिस.

पूर्णेत नेलपॉलिस लावनारी त्यांच्या वळखीत एकच. गीताबाई, रेल्वे दवाखान्यातली आया. नवरा वारल्यापासून बापापाशी राहायची. बाप म्हंजी तात्याराव घड्याळजी, ठेसनाच्या पल्याड घर. मामीनं मनातल्या मनात तिथवर रस्ता चालून बगितला. शेडातून निघालं, पूल चढून उतरलं की दारच.

तिथवर शक एका बाईपुरता व्हता. पुढं तो वाडला.

मामी डोकं विंचरून निघालेले केस गुंडाळून कोनाड्यात ठिवायची. म्हैन्या-दोन म्हैन्याला केस घेनारी बाई यायची, केसावर सुया-पिना द्यायची. एक दिवस बगती तर गुंता निम्मा. उंदरानं नेला म्हनावं, तर उंदीर काय निवडून नेतो? लांब लांब केस तेवढे गेलते, बारके तिथंच. दुसऱ्या आठवड्यात धुनं आपटताना हिरवी बांगडी फुटली. कुनाच्या पायात जाऊ ने म्हून मामीनं तुकडे खिडकीत ठिवले. ठिवले तव्हा चार व्हते, दुसऱ्या दिवशी तीन.

आन शनवारी सदरा धुवायला घेतला तर खिशात कागदाची पुडी. पुडीत इंजेक्शनची सुई.

मामीच्या पायानं बादली लवंडली. शेजारची कडूबाई, ग्यांगमनची बायको, पडवीतून पळत आली.

"काय झालं गं? पोटात दुखायलं का?"

मामीनं समदं सांगितलं. कडूबाईनं एक एक बोट धरून हिशोब लावला. "केस तुझे. काकन तुजं, ते बी हिरवं. वर सुई. आन तू पोटुशी." तिनं पदर तोंडाला लावला. "केशर, ही भानामती हाय गं माय. दुसरं काय न्हाई."

"आमच्या घरात तसलं मानत न्हाईत, कडूआक्का."

"तू नको मानू. करनारी तर मानती ना?"

"पर तिला हेच न्हेऊन द्यायलेत की. आपल्या हातानं."

"मंग त्याला बी काई तरी खाऊ घातलं आसल. गडी मानसाला कळतंय व्हय? माझ्यावाल्याला भाकरीसंगट साबन वाडलं तरी 'मीठ कमी हाय' म्हनल."

मामीला हासू आलं न्हाई. तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरायलती. आठ वरसं घरात लेकरू न्हाई, गीताबाई कमावती, नीटनेटकी राहती, मानसाचं मन फिरलं आसल. ठीक. पर मंग हे पोटातलं कामून खायचं? हे तर त्याचंच हाय. ह्या गोष्टीचा मेळ लागत न्हवता, आन मेळ लागत न्हवता म्हून जास्तच भेव वाटायलं.

त्या दिवशी मामांनी तिच्यासाठी डाळिंब आनलं. मामीनं ते त्यांच्या देखत फोडलं आन पयला घास त्यांनाच दिला. मामा खायले. "लय पिरेम आलंय आज," म्हनले. मामी त्यांच्या तोंडाकडं बगत बसली, काई होतंय का म्हून.

इतवारी जेवन झालं आन मामांनी सदरा चढवला.

"कुठं जायलात?"

"विहारात. परभनीचा मोर्चा ठरवायचाय, मीटिंग हाय."

मामा गेले. मामीनं शंभर आकडे म्हनले, चपला घातल्या आन निघाली. सातवा सरत आलता. आदी विहारात गेली. तिथं चतुराबाई झाडायलती, बाकी चिटपाखरू न्हाई.

"चतुरामावशी, मीटिंग सुटली का?"

"कोनती मीटिंग? बेस्तरवारी झाली की. तुजा मालक तर आलाच न्हवता. आजारी हाय म्हनलं कुनी तरी."

"आजारीच हाय," मामी म्हनली.

ठेसनाच्या पुलाच्या पायऱ्या चढताना ती दोनदा बसली. खाली गाडी उभी व्हती. मनात आलं, उतरून ह्याच गाडीत बसावं आन माहेरी जावं. पर माहेरी घर तरी कुठं नीट उभं राहिलं व्हतं, भावानं पत्र्याचा आडोसा केलता तेवढाच. तरी बी तिनं ठरवलं, आदी आपल्या डोळ्यानं बगायचं. खरं निघालं तर साडेचारच्या गाडीनं जायचं आन लेकरू जलमलं तरी पूर्णेला परत पाय ठिवायचा न्हाई.

तात्यारावाचं दार लोटलेलं व्हतं. आतून बोलनं ऐकू आलं. मामी भिंतीला हात लावून उभी राहिली.

"गीता, ही सुई जाड व्हायली गं. बारकी न्हाई का दवाखान्यात?" हा मामांचा आवाज.

"लेकराला टोचायची आनते उद्या. ती बारकी आसती."

"लेकराचीच आन मंग."

"आन केस? पुरतेत का?"

"पुरतेत. केशरचा केस लय चिवट. गाठ मारली तरी तुटत न्हाई."

मामीनं दोन्ही हातानं दार ढकललं.

खिडकीपाशी टेबल, टेबलावर पांढरं फडकं. फडक्यावर तिचे केस सरळ करून ठिवलेले, एकाशेजारी एक. हिरव्या बांगडीचा तुकडा. सुया. नेलपॉलिसची बाटली. आन मधी वीतभर काईतरी राखाडी, पालथं पडलेलं, पोट उघडं. मामा त्याच्यावर वाकलेले, डोळ्याला घड्याळजीचं भिंग. समोर तात्याराव चिमटा घेऊन. आन समद्या खोलीत तोच पिकल्या केळाचा वास.

मामांनी तिला बगितलं आन दोन्ही हातानं ते झाकलं.

झाकलं तिथंच मामीची खात्री झाली.

"काडा हात."

"केशर, तू हितं कशी? पुलावरून आलीस? आसल्या दिवसात?"

"हात काडा म्हनते! कुनाचा जीव घ्यायलात, माझा का पोटातल्याचा? आन तू गं," ती गीताबाईकडं वळली, "नखं रंगवून लोकाचं घर पुसायलीस?"

गीताबाईला खुदकन हासू आलं. "वैनी, खेळनं हाय ते."

"खेळनं! केसाचं, काकनाचं, सुयाचं खेळनं! मला येडी समजलीस व्हय?"

"मुंजा, सांग की बाबा," तात्याराव म्हनले.

मामांनी हात काई काडला न्हाई.

"कुनासाठी करायलात हे?" मामीनं इचारलं. "आवो, सांगा की! कुनासाठी?"

"ते सांगता येत न्हाई, केशर."

"बास. कळलं. मी साडेचारच्या गाडीनं जाते. तुमी बसा हितं."

ती वळली. तात्याराव उठून दारात उभे राहिले. "पोरी, जायचं तर जा, मी आडवत न्हाई. पर शक घेऊन आलीस ना, मंग पुरतं बगून जा. आर्धं बगून नको जाऊ." त्यांनी मामांच्या डोळ्याचं भिंग काडून तिच्या हातात दिलं. "मुंजा, हात काड."

मामीला ते भिंग डोळ्यात धरता येईना. गीताबाईनं धरून दिलं. आदी नुसतं धुकट दिसलं, मंग एकदम साफ. विमानाच्या पोटातली खोबन, उडताना चाक आत जातंय ती जागा. चिंचोक्याएवढी. आन आत नळ्याच नळ्या. तांब्याच्या तारा वाकवून, रंग देऊन बसवलेल्या, एकीखालून दुसरी गेलेली. त्यांच्या मधून तिचे केस, तीन तीन एकत्र, जागोजाग गाठ मारून चिकटवलेले. कुठं एक केस सैल न्हाई.

"हे काय हाय?"

कामाचं इचारल्यावर मामांची जीभ सुटली. "ही ब्रेकाची नळी. पंख्याच्या मोटारीतली तार हाय. हे केस म्हंजी लायटीच्या वायरी. चंद्रभान सुट्टीवर आलता ना, त्याच्या सायबानं बदलीच्या टायमाला त्याला डबा दिलता. प्लास्टिकचे सुटे भाग, सोलुशननं चिकटवायचे आन झालं विमान." चंद्रभान म्हंजी मामांचा धाकटा भाऊ, हवाई दलात फिटर. "तो म्हनला, दादा, वरून बराबर हाय, आतून समदं खोटं. चाकाची जागा बग, नुसता खड्डा. खऱ्यात माझा हात जात न्हाई इतक्या नळ्या आसतेत तिथं. माझं समदं काम त्या खड्ड्यात हाय आन ह्यांनी तेच काडून टाकलं."

मामांनी बोटानं विमान सुलटं केलं. "मंग मी म्हनलं, दोघं भाऊ फिटर, आन आपल्या विमानाला खड्डा कसा ठिवायचा? नाकावरली ही दांडी डब्यात जाड व्हती, सळईवानी. ती काडली, सुई लावली. डाव्या पंखाला लाल दिवा आसतो, म्हून ती नेलपॉलिस. उजवीकडं हिरवा. हिरवी काच कुठं भेटना, तेवढ्यात तू बांगडी फोडलीस."

"माझे तीन लेडीज घड्याळं खाल्ले ह्यानं," तात्याराव म्हनले. "काटे काडून पायलटाच्या पुढ्यात बसवले. सिग्रेटच्या पाकिटातली चांदी कापून पट्टे केले. दोन म्हैने झाले, हा सरकारी नोकर माझ्या टेबलावर बिनपगारी काम करायलाय."

मामीनं भिंग खाली ठिवलं. "हे समदं कळलं. कुनासाठी ते इचारलं मी."

मामांनी तिच्याकडं बगितलं. तोंडाकडं न्हाई, पोटाकडं. आन पुना मान खाली घातली.

तव्हा मामीला कळलं. तोंडातून काडायचं न्हाई ही शपथ तिनंच घातली व्हती. बायको गाडीत बसून जायली तरी हा मानूस शपथ मोडीना.

पर तिचं मन काई निवळलं न्हाई. उलटं तिनं पोटावर पदर वडून घेतला. "पुना आनलं का तुमी? त्या खुळखुळ्यानं पोट भरलं न्हाई तुमचं?"

"आनलं न्हाई. चंद्रभाननं दिलं. आन घरात तर येऊच दिलं न्हाई, पुलाच्या आल्याडच ठिवलं. शपथ घरापुरती व्हती."

"वा! वकील झालात."

"आन तयार बी न्हाई आजून," मामा हळू म्हनले.

"किती राहिलं?"

"ते एक चाक. ते लावलं की झालं."

फडक्याच्या कडंला चाक पडलं व्हतं, हरभऱ्याच्या डाळीएवढं. मामीनं ते उचललं. तात्यारावाची काडेपेटी घेतली, काड्या टेबलावर उपड्या केल्या, चाक आत घातलं, आन पेटी पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली.

"आता ते तयार न्हाई," ती म्हनली. "आन लेकरू रडल्याबिगर व्हनार बी न्हाई. चाक नसलेलं विमान, त्याला काय खेळनं म्हनतेत?"

मामा विहारात लोकाला समजून सांगनारे. गीताबाईला वाटलं आता हे बोलतील. मामा म्हनले, "हां. हे बराबर हाय."

साडेचारची गाडी गेली. मामी तिथं चहा प्याली. पर कप पुसून घेतला आदी.

शक काई एका दिवसात जात न्हाई. कडूबाई म्हनली, "खेळनं म्हनतेत व्हय? मला तर कुनी आसं खेळनं केलेलं ठाव न्हाई." मंग मामी दर इतवारी मामांच्या संगटच तात्यारावाकडं जायला लागली. स्टुलावर बसायची, गीताबाईच्या हाताकडं बगायची. मामा केस मागायचे तव्हा कोनाड्यातले देत न्हवती. तिथंच डोक्याचा एक उपटून द्यायची आन कुठं लावला ते भिंगातून बगायची. उरलेला तुकडा परत मागून घ्यायची.

बाळंतपन रेल्वे दवाखान्यातच झालं. हाताशी गीताबाईच व्हती. कळा येतानी मामीनं तिच्या नखाकडं बगितलं. रंग न्हवता. काडून आलती बिचारी.

मुलगी झाली. दनकून रडली. पयला दिस गेला, दुसरा गेला. तिसऱ्या दिवशी मामीनं कुनाला जवळ येऊ दिलं न्हाई, मामांना सुदिक दारात उभं केलं. मामा दारातूनच इचारायचे, "रडायली का?" मामी म्हनायची, "रडायली." थोड्या येळानं पुना, "आता?" "आता बी."

पाचव्या दिवशी मामीनं पदराची गाठ सोडली आन काडेपेटी पुढं केली. "लावा."

मामांनी पेटी घेतली, कानाशी धरून हलवली. चाक आत खुळखुळलं. त्यांनी ती परत तिच्या हातात दिली. "राहू दे. पाऊल टाकू दे तिला."

"तुमी तर मानत न्हाई ना?"

"न्हाई मानत," मामा म्हनले. "पर राहू दे."

सुमन चालायला लागली तव्हा म्हनले, शाळेत जाऊ दे. शाळेत गेली तव्हा दुसरंच काई. विमान मातर कव्हाच बसून न्हाई राहिलं. शेडातून रिटायर होईस्तवर दर वरसाला त्याला काई ना काई लागायचं. कव्हा चढायची शिडी, कव्हा पंखाखाली नळ्या. विद्यापीठाचं नाव बदललं त्या जानेवारीत मामा विहारात पेढे वाटून आले, विमान काडलं, समद्यांना वाटलं आज लावतेत चाक. त्यांनी सुईनं पाठीवर खिळ्यांच्या ठिपक्यांची एक नवी रांग टोचली, फुंकर मारली आन ठिवून दिलं. मामी काडेपेटी हातात घेऊन उभी. "मंग?" म्हनली. "बगू," मामा म्हनले.

तर त्या दिवशी पेटी उघडल्यावर सुमन म्हनली, "आई, आता तरी लावून टाकू चाक. बाबाचं काम आर्धं राहिल्यासारखं वाटायलंय."

मामीनं भिंग मागितलं. तात्याराव जायच्या आदी मामांना देऊन गेलते ते. विमान घेऊन ती खिडकीपाशी गेली, पालथं केलं, लय येळ खोबनीत बगत राहिली.

"हे काळे केस माझेच हायत का गं?"

"तुझेच की. दुसऱ्या कुनाचे आसतेत?"

"आसं म्हनतीस," मामी म्हनली, आन पांढऱ्या केसावरून पदर सारखा केला.

मंग तिनं कमरेची काडेपेटी काडली. सुमनला वाटलं आता देती, म्हून तिनं हात पुढं केला. मामीनं पेटी नुसती कानाशी धरून हलवली, चाक हाय ह्याची खातरी केली, आन परत खोचली.

"तुज्या लेकीला आठवा लागलाय," ती म्हनली. "कुनी काई आनलं न्हाई ना घरात?"